तारुण्य प्रभूला द्या, आजच

शास्त्रभाग : २ इतिहास ३४:१-३, १ तीमथ्य ४:१२



“अजून वय आहे” हे वाक्य आपल्या घरांत वारंवार ऐकू येते. आधी बारावी होऊ द्या, मग नोकरी, मग लग्न. प्रभूच्या कामाचे पुढे पाहू. जबलपूरसारख्या शहरात राहणारा मराठी ख्रिस्ती मुलगा घरी मराठीत प्रार्थना करतो, शाळेत हिंदीत बोलतो, आणि वर्गात आपण बहुधा एकटेच ख्रिस्ती आहोत हे त्याला ठाऊक असते. त्याला तर गप्प राहण्यास आणखी एक सबब मिळते. परंतु तुमचा विश्वास मोठेपणासाठी राखून ठेवण्याची ठेव आहे काय?

योशीया राजाकडे पाहा. आठव्या वर्षी तो सिंहासनावर बसला. ते त्याला वारशाने मिळाले. त्यात त्याचे कर्तृत्व नव्हते. परंतु राज्याच्या आठव्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षी, तो स्वतः देवाला शोधू लागला, आणि विसाव्या वर्षी त्याने यहूदातून मूर्ती दूर करण्यास आरंभ केला. आधी शोध, मग सुधारणा. तुमच्यापैकी बहुतेकांना ख्रिस्ती नाव आईवडिलांकडून मिळाले आहे. देव मात्र स्वतःच शोधावा लागतो.

हे केवळ प्राचीन काळी घडले असे नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याने ग्रासलेल्या जिल्ह्यांत आपले जबलपूरही होते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाचे दुःख स्वतः भोगले होते. १८७४ साली, त्या सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले. ती आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या मध्य प्रांतात आल्या आणि अनाथ मुली व बालविधवा यांना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न, वस्त्र, शिक्षण आणि प्रभू येशूची ओळख मिळाली.

त्या मुली केवळ घेणाऱ्या राहिल्या असत्या, तर कोणी दोष दिला नसता. परंतु १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी हाक दिली, तेव्हा प्रथम सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनपर्यंत सुमारे ५५० जणी दररोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या. खेडोपाडी सुवार्ता सांगण्यास कोण जाईल, असे विचारताच ३० तरुणी सिद्ध झाल्या. त्यानंतर तेथे जे आत्मिक संजीवन झाले, त्याची वार्ता दूरदूर पोहोचली. हिशेब करून पाहा : १८९७ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलगी १९०५ मध्ये सोळा वर्षांची होती. योशीयाचेच वय!

पुढे रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि त्या छापखान्याचे काम आश्रमातील मुली व स्त्रिया करीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना एके काळी अक्षरओळखही नव्हती, अशांच्या हातून देवाचे वचन मराठी माणसाच्या हाती आले.

मग तुम्ही काय करावे? पौल तरुण तीमथ्याला सांगतो की, तुझ्या वयाला कोणी कमी लेखू नये. आणि त्यासाठी तो भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास व शुद्धता या पाच गोष्टींत कित्ता होण्यास सांगतो. यांपैकी एकीलाही पदवी लागत नाही. मित्रांच्या घोळक्यात एखाद्याची निंदा चालली असता तिच्यात भर न घालणे, हे भाषण. परीक्षेत सारे कॉपी करीत असता आपली लेखणी प्रामाणिक ठेवणे, हे वर्तन. वर्गात ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्याजवळ जाऊन बसणे, ही प्रीती. सकाळी मोबाइल हाती घेण्यापूर्वी शास्त्र उघडून गुडघे टेकणे, हा विश्वास. एकांतात कोणी पाहत नसता डोळ्यांना व मनाला आवर घालणे, ही शुद्धता.

याची किंमत पडेल. गुण कमी पडतील, कोणी हसेल, एखादा मित्र दुरावेल. प्रभूने आपल्या शिष्यांपासून वधस्तंभ लपविला नाही; मीही तुमच्यापासून लपवीत नाही. परंतु जो तुम्हांला बोलावतो तो तुम्हांला एकटे सोडीत नाही.

आईवडिलांना व मंडळीच्या पुढाऱ्यांना एक विनंती. तरुणांना नाताळच्या नाटिकेपुरते बोलावू नका. त्यांना प्रार्थना चालवू द्या, आजाऱ्यांच्या भेटीला बरोबर न्या, शब्बाथ शाळेतील लहान मुले त्यांच्या हाती सोपवा. रमाबाईंनी मुलींवर विश्वास टाकला, म्हणून त्या उभ्या राहिल्या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू बारा वर्षांचा असताना आपल्या पित्याच्या घरात होतास. आमचे तारुण्य शिळे होण्यापूर्वी ते तुझ्या हाती घे, आणि आजच्या दिवसाचे काम आम्हांस आज दाखव. आमेन.