पैशाचं आधी सांग

चि. ऋता,


एडिसनच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर तू सोमवारपासून बसणार, असं ताईनं कळवलं. फोन, अपॉइंटमेंटा, फाइली तू आठवड्यात शिकशील. मला लिहायचंय ते पैशाविषयी. अमेरिकेत इन्शुरन्स असलेला माणूससुद्धा बिलाच्या धास्तीनं डॉक्टरकडे जायचं टाळतो. खिशातून किती जाणार हे त्याला तपासणीआधी सांगणं तुझं काम आहे; ते बिलिंगवाल्यांवर ढकलू नकोस.

कार्डावरचा कोपे, म्हणजे दर भेटीला भरायची ठराविक रक्कम, वाचून दाखवणं सोपं. तेवढ्यानं भागत नाही. समज, एकाला एमआरआय सांगितलाय. आकारणी 3000 डॉलरची, पण इन्शुरन्स कंपनीशी ठरलेला दर 1200. सेंटर त्या कंपनीच्या नेटवर्कमधलं असेल तर मधले 1800 रुग्णाकडे मागताच येत नाहीत. त्याचं वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे कंपनीनं पैसे देण्याआधी त्यानं स्वतः भरायची रक्कम, 1500; त्यातले 900 भरून झालेत. म्हणजे पहिले 600 त्याचेच. उरलेल्या 600 वर कोइन्शुरन्स, म्हणजे त्याचा वाटा, 20 टक्के; ते झाले 120. एकूण 720. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांड. त्याचा चेहरा पडेल, पडू दे. अजून वेळ असते, दुसरीकडे चौकशी करता येते. हॉस्पिटलपेक्षा स्वतंत्र इमेजिंग सेंटरचा दर बरेचदा कितीतरी कमी असतो. बिल घरी आल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

आकडा मात्र ‘आजच्या माहितीप्रमाणे’ असं म्हणूनच सांग. दुसऱ्या डॉक्टरचा क्लेम पोचला नसेल तर इन्शुरन्स कंपनीच्या पोर्टलवर भरलेल्या डिडक्टिबलचा आकडा जुनाच दिसतो. जानेवारीत तर फारच जप. बहुतेक प्लॅनचं डिडक्टिबल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं, आणि डिसेंबरात नुसत्या कोइन्शुरन्सवर सुटलेला माणूस चक्रावतो.

सगळ्यांत जास्त वाद वार्षिक तपासणीवरून होतात. 2010च्या कायद्यामुळे बहुतेक प्लॅनमध्ये ती नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे फुकट असते. पण त्याच भेटीत माणूस गुडघेदुखीचं सांगतो, डॉक्टर गुडघा तपासतात, आणि त्याचं वेगळं बिल लागू शकतं. त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर ते रास्तच आहे. म्हणून फॉर्म हातात देतानाच बोल. पण पैसे वाचवायला दुखणं लपवा, असं चुकूनही सुचवू नकोस.

इन्शुरन्सच नसेल, तर 1 जानेवारी 2022पासून अशा माणसाला आधीच ठरलेल्या भेटीसाठी खर्चाचा लेखी अंदाज मिळण्याचा हक्क आहे. बिल त्याहून 400 डॉलर किंवा अधिक वाढलं तर त्याला दाद मागता येते. हेही सांग, आपल्या ऑफिसला अवघड गेलं तरी.

आपल्याकडून मुलांना भेटायला आलेले आईवडील तिथं बरेच येतील. ‘इन्शुरन्स काढलाय’ एवढ्यावर मुलं निर्धास्त असतात. काही व्हिजिटर पॉलिसी दर भेटीमागे ठराविक रक्कमच देतात, बाकीचं घरच्यांवर. जुना बीपी, जुनी शुगर बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. नुसतं कार्ड बघू नकोस, पॉलिसीचे कागद माग.

कुणाला झेपतच नसेल तर कोपे परस्पर माफ करू नकोस, तसा अधिकार तुला नाही. मॅनेजरकडे ने, अडचण लेखी नोंदवून हप्ते बांधून घे. आणि हे बोलणं रांगेसमोर नको. आतल्या खोलीत बसवून बोल.

तुझी,
मावशी