जुने लाकूड, ताजी मजुरी

मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारात जेवणाचे टेबल करून घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दुकानदार आधी लाकडाचा तुकडा देतो. वजन बघा म्हणतो. मग रंध्याचा एक हात मारून वरचा काळपट थर उडवतो आणि आतला मधाळ रंग दाखवतो. “जुनं बर्मा टीक आहे, साहेब. चाळीची तुळई होती.” निम्मा सौदा तिथेच झालेला असतो. उरलेला निम्मा गिऱ्हाईक मनातल्या मनात उरकते: नवे झाड तोडावे लागले नाही, तेव्हा टेबलासोबत थोडे पुण्यही घरी येणार.

लाकडाची तारीफ बहुतेक वेळा खरी असते. शंभर वर्षांपूर्वीचे सागवान जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांचे. त्याची वलये दाट, अंगात तेल भरपूर, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. कित्येक उन्हाळे छपराखाली काढल्यावर ते अर्धवट वाळलेल्या नव्या फळीसारखे पिळतही नाही.

पुण्याईचा भाग मात्र जरा तपासून घ्यावा लागतो.

१८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागवान काढत असे. ओले सागवान पाण्यात बुडते. म्हणून बुंध्याभोवती खोल खाच पाडून झाड उभ्याउभ्याच मारायचे, दोन-तीन वर्षे तसेच वाळू द्यायचे, मग तोडून हत्तींकडून ओढत नदीपर्यंत न्यायचे आणि प्रवाहात सोडायचे, अशी रीत होती. कंपनी ओंडके कमी दाखवून सरकारी देणे बुडवते, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा निघाल्या, महिना संपायच्या आत मंडाले पडले आणि राजाची रवानगी झाली ती अखेर रत्नागिरीला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहून हळहळणाऱ्या पर्यटकाच्या दिवाणखान्यातले ‘जुने बर्मा टीक’ त्याच व्यापाराच्या काळातले असू शकते. अर्थात जे कापले गेले ते गेले. ती तुळई बंबात घालून थिबाला न्याय मिळणार नाही. तिचे टेबल होणे केव्हाही बरे. उलट संशय घ्यावा तो कोऱ्या बर्मा टीकचा. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे आणि २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध लादले आहेत.

पण हा झाला लाकडाचा भूतकाळ. टेबल आज बनणार आहे, आजच्या माणसाच्या हातून, आणि गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकाची खरी परीक्षा तिथे लागते.

जुन्या तुळईत खिळे असतात. गंजलेले, डोके तुटलेले, लाकडाच्या पोटात गडप झालेले. एक जरी नजरेतून सुटला तर यंत्राचे पाते गेले म्हणून समजा. त्यामुळे कारागीर फळीवर तळवा फिरवतो, लोहचुंबक लावून पाहतो, पटाशीने भोवती कोरतो आणि पकडीने एकेक खिळा उपटतो. मग वाकड्या कडा सरळ करायच्या, पोखरलेला भाग कापून टाकायचा, वेगवेगळ्या रंगांच्या फळ्यांचा मेळ घालायचा. नव्या लाकडात यातले बरेचसे काम नसतेच. खिळ्याचे लोखंड आणि लाकडातले टॅनिन मिळून पडलेला काळा डाग मात्र जात नाही, आणि गिऱ्हाईक नेमके त्या डागावर बोट ठेवून सूट मागते. वर “जुनंच तर लाकूड आहे” हे ठरलेले. जुन्या लाकडाच्या टेबलात मोठा वाटा मजुरीचाच असतो, त्यामुळे भाव पाडला की तो कुणाच्या ताटातून जातो हे सांगायला नको. मॉलमधल्या कपाटावरच्या छापील किमतीपुढे हीच मंडळी मुकाट्याने कार्ड काढतात.

मग भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. जुन्या दाराखिडक्यांवर तर ऑइलपेंटचे थरावर थर. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसे आहे ते दाराला विचारून कळत नाही. ते दार ग्राइंडरखाली घासणाऱ्या पोराच्या तोंडावर बहुधा रुमाल बांधलेला असतो, आणि रुमालाने शिशाची धूळ अडत नाही. शेजारी थिनरचे डबे, फोमच्या गाद्या, कोपऱ्यात भुशाचा ढीग. याच ओशिवरा बाजारात फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठी आग लागली. ऑर्डर देताना खणाची खोली आणि पॉलिशची छटा तासभर ठरवणाऱ्याला “रंग कुठे खरवडता? पोरांना चांगले मास्क आहेत का?” एवढे विचारायला किती वेळ लागेल? मास्कचे पैसे बिलात धरा म्हटले तरी टेबलाच्या किमतीत तो आकडा दिसणारही नाही.

वाड्यांच्या लाकडाची आणखी एक गंमत आहे. वाडा पाडायचा ठेका घेणारा अनेकदा मालकालाच पैसे देतो, कारण कडीपाट, खांब आणि दारांची विक्री त्याची कमाई. साध्या वाशांचे बाक होतात, त्यात वावगे काही नाही. कोरीव गणेशपट्टीवर काच टाकून तिचा टीपॉय केला जातो तेव्हा मात्र एखाद्याला चहाचा कप ठेवताना अवघडल्यासारखे व्हावे, इतपत संकोच अजून शिल्लक असायला हरकत नाही. ती पट्टी खरोखर दीडशे वर्षांची की गेल्या वर्षी कोरून काळवंडवलेली, हे निराळेच. विकणारा छातीठोकपणे जुनी म्हणत असेल, तर त्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याची आठवण करून द्यावी. इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तू त्या कायद्याच्या व्याख्येत बसते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाच्या घरासाठी कोरीव दार धाडायचे झाले, तर ते पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आणावा लागतो. एवढे कानावर घातले की काही दुकानांत ते दार तिथल्या तिथे नवे होते.