शिकवता शिकवता रहिवास

नोकरीसाठी परमुलखात गेलेल्या माणसाच्या वाट्याला दोन तऱ्हेचे आनंद येतात. पहिला नवलाईचा. रायपूरला आल्या आल्या बूढा तालाब बघावा, दूधाधारी मठात जाऊन यावं, संध्याकाळी तेलीबांध्याच्या काठाने फिरावं. हा आनंद खरा. पण जागा बघून झाल्या की तो आटतो आणि रविवार खायला उठतो. दुसरा आनंद ओळखीचा. तो रोजच्या गोष्टींतून येतो, उशिरा येतो आणि ओळखीबरोबर वाढत जातो. शिक्षकाला या दुसऱ्या आनंदाची वाट त्याचा पेशाच दाखवतो, असं मला वाटतं.

शिकवायचं तर समोरच्या मुलाला आधीच काय ठाऊक आहे, ते शोधावं लागतं. पिकांची पाण्यासाठी, उजेडासाठी चालणारी चढाओढ ज्वारीच्या ताटांवरून सांगायला गेलं तर इथला वर्ग गप्प बसतो. मग धमतरीकडचा एखादा मुलगा म्हणतो, "सर, हे तर बियासीत होतं," आणि तोच समजावू लागतो. पावसाच्या तोंडावर धान फेकून पेरतात. महिना-सव्वा महिन्याने शेतात पाणी साचलं की उभ्या पिकातूनच नांगर फिरवतात. बाहेरच्याला वाटावं, पिकाची नासाडी चालली आहे. पण तण गाडलं जातं, दाटी मोडते, माती मोकळी होते आणि उरलेली रोपं जोमाने फुटतात. हे कळल्यावर बसच्या खिडकीतून दिसणारं चिखलाचं शेत नुसतं चिखलाचं राहत नाही. नांगरामागचा माणूस काय करतो आहे, हे आपल्याला कळत असतं. परक्या मुलखात असं काही कळण्याचं सुख फार मोठं.

ताटाचंही तसंच. भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायचा, ही बासी वरण-भात-तुपावर वाढलेल्या जिभेला आधी बेचव लागते. एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर राबणारी माणसं ती का खातात, हे त्यांच्याच मुलांकडून ऐकावं आणि मग एका तापलेल्या सकाळी खाऊन बघावी. पोटाला थंडावा मिळतो आणि चवही लागते.

या वाटेवर आपल्यापुढे माधवराव सप्रे आहेत. त्यांची मातृभाषा मराठी. पेंड्र्याला राजकुमाराचे शिक्षक असताना, 1900 साली, त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदी वाचकांच्या हाती दिलं. शिकवण्यापुरतं शिकवून ते थांबले नाहीत. या मुलखाला काय हवं आहे, हे त्यांनी जाणलं आणि स्वतःजवळचं उत्तम ते त्याला दिलं. 1926 साली रायपुरातच त्यांचा देह पडला.

अशाने आपलं आपण हरवून बसू, अशी शंका कुणी काढेल. अनुभव उलटा आहे. आपल्या श्रावण अमावास्येलाच इथे भादो अमावास्या असते आणि त्या दिवशी पोरा साजरा होतो. मुलं मातीचे बैल ओढतात, मुली मातीच्या जात्या-भांड्यांशी खेळतात, घरोघरी ठेठरी-खुरमी होते. विदर्भातला तान्हा पोळा ज्याने पाहिला आहे, त्याला या अंगणात आपलं बालपण अधिक नीट दिसतं. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात मराठी बोलायला जावंच. पण तिथे फक्त गावाच्या आठवणींचा विसावा शोधला, तर बाकीचा आठवडा परकाच राहतो.

म्हणून इथे नव्याने आलेल्या शिक्षकाला एवढंच सांगावंसं वाटतं: घरी काय पिकतं, काय शिजतं, हे मुलांना विचारा आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशीच्या धड्यात वापरा. मुलांना धडा आपला वाटेल आणि तुम्हाला मुलूख.