बिल फिटलं, कर्ज उरलं

अमेरिकेत रुग्णालयाचं थकलेलं बिल हे स्वतंत्र कर्ज असतं. त्याच्या वसुलीच्या कंपन्या असतात आणि त्या कंपन्यांना लगाम घालणारे कायदेही. आपल्याकडे रुग्णालय सहसा धनको होतच नाही. डिस्चार्जच्या कागदावर सही होईतो त्याचे पैसे चुकते झालेले असतात. धनको होतात ते मेहुणा, पतसंस्था, सोनार, गावचा सावकार. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. त्या खिशात उसने किती होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. आजारपणाचं कर्ज गहाण पडलेल्या पाटल्यांच्या पावतीत लपतं.

त्यामुळे आपल्याकडे खरे उपयोगाचे हक्क बिल भरण्याआधीचे आहेत. कागदावर ते बरेच आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आहे. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही. खासगी नर्सिंग होमना 2021 च्या नियमांनी दरपत्रक लावायला सांगितलं आणि थकलेल्या बिलापायी मृतदेह अडवायला मनाई केली. जिवंत रुग्णाला अडकवून ठेवणं तर बेकायदाच. वसुलीसाठी रुग्णालयाला दिवाणी न्यायालय मोकळं आहे.

अडचण अशी की हे सगळं मागायचं कोणी? ज्याचा बाप आयसीयूत आहे, त्याने. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आणायचा, धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठायचं, निधी शिल्लक आहे का विचारायचं, आणि हे करताना डॉक्टर नाराज होतील का, ही धास्ती. (ही धास्ती कोणत्याही नियमावलीत मोजलेली नाही.) रुग्णालयांचं म्हणणं असतं की निधी पुरत नाही. दहा खाटांच्या नर्सिंग होमचा डॉक्टर स्वतःच यंत्रांचे हप्ते फेडत असतो, हेही खरं. पण धर्मादाय म्हणून करांत सवलत घेणाऱ्या संस्थेला हे कारण शोभत नाही.

पैसे भरून झाल्यावरही वाटा पूर्ण बंद होत नाहीत. बाबवार बिल मागून घेतलं असेल तर अवाजवी आकारणीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. बँकेचे वसुली एजंट सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेबाहेर फोन करू शकत नाहीत. विनापरवाना सावकारी 2014 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. मेहुण्याविरुद्ध मात्र कुठे जाणार? त्याने तर प्रेमापोटी दिले होते, आणि तेच आता दिवाळीला बोलणं बंद होण्याचं कारण झालेत.

मला वाटतं, हक्क बजावण्याचा भार नातेवाइकावरून काढून रुग्णालयावर टाकायला हवा. धर्मादाय निधीचा अर्ज भरतीच्या कागदांसोबतच रुग्णालयाने भरून घ्यावा, दाखल्यासाठी आठवडाभराची मुदत द्यावी, आणि नाकारायचा असेल तर नकार कारणासह लेखी द्यावा. तोंडी ‘फंड संपलाय’ला अपील करता येत नाही, सहीशिक्क्याचा कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं.