पेढा की बर्फी?

डोहाळजेवणाच्या समारंभात गर्भवतीपुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिने उघडलेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असे भाकीत करून जमलेल्या सुवासिनी हसतात. ही गंमत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. गंमत म्हणून तीत दोष काढण्याचे कारण नाही. परंतु पदार्थ दोन्ही गोड असता पेढा मुलाच्याच वाट्यास का यावा? परीक्षेत यश मिळाले, नोकरी लागली की आपण वाटतो तो पेढाच. आनंदवार्तेचा पदार्थ आपण मुलाच्या नावे लावून ठेवला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

गर्भ मुलाचा की मुलीचा, हे आरंभीच ओळखण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. कोणी डोहाळ्यांवरून सांगतो, कोणी तोंडावरच्या तेजावरून, कोणी पोटाच्या आकारावरून, तर कोणी गर्भिणी उठताना प्रथम कोणते पाऊल टाकते त्यावरून. चरकसंहितेत उजव्या अंगाची लक्षणे पुत्राची व डाव्या अंगाची कन्येची मानली आहेत. प्राचीन ग्रीक वैद्यांचीही समजूत अशीच होती. इतकी मते असूनही त्यांपैकी एकही नष्ट होत नाही, याचे कारण सोपे आहे. उत्तरे दोनच असल्यामुळे डोळे मिटून सांगितलेले भाकीतही सुमारे निम्म्या वेळा खरे ठरते. खरे ठरलेले घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते, खोटे ठरलेले बारशाच्या गडबडीत विसरले जाते.

विज्ञानाने या प्रश्नाचा उलगडा केला आहे. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ साली पिठातील किड्यांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, लिंग ठरते ते नराच्या बीजातील गुणसूत्रावरून. मनुष्याचेही तसेच आहे. गर्भधारणेच्या क्षणीच, आणि तेही पित्याच्या बीजाने, हा निर्णय झालेला असतो. पुढे सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत मुलाच्या व मुलीच्या गर्भाची जननेंद्रिये सारखीच दिसतात. मग मातेचे डोहाळे किंवा पाऊल यांचा तेथे संबंध कोठून येणार? तरीही मुलगी झाली म्हणून बोलणी खातात त्या सुनाच! हा अन्याय समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

भाकिते केवळ भाकिते होती तोवर ती निरुपद्रवी वाटली. पुढे यंत्राने खरे उत्तर मिळू लागले, आणि आपल्या जिज्ञासेची परीक्षा झाली. गर्भातील व्यंगे ओळखण्यासाठी आलेल्या तपासण्या मुलगी ओळखण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राने १९८८ साली या प्रकाराविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला व तो १९९६ पासून अमलात आला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगण्यास त्याने मनाई आहे. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ज्या ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ व २०११ साली ८९४ झाल्या. २०१७ साली आपल्या सीमेलगत, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, पुरलेले १९ गर्भ सापडले. हे पलीकडच्या राज्यातले म्हणून आपण स्वस्थ बसावे, तर २०२३ साली आपल्याच कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यात, एका गुऱ्हाळात सोनोग्राफीचे यंत्र ठेवून चाललेला असाच प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. जेथे उसाचा गूळ व्हावयाचा, तेथे हे चालले होते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. जाणून घेण्याची इच्छा हे काही पाप नव्हे. मग ज्ञानावर बंदी का असावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आपणांस सारखीच प्रिय असतात, त्याची जिज्ञासा निर्मळ होय. ज्याचे एक उत्तर ऐकून पेढे आणि दुसरे ऐकून मौन, तो प्रश्न वरकरणी जिज्ञासेचा असला तरी आत मागणीच असते. मी पुरोहिताच्या घरात वाढलो. पंचांग पाहण्यास येणारी मंडळी ‘बाळंतपण सुखरूप होईल ना?’ हे मोकळ्या आवाजात विचारतात. ‘मुलगाच आहे ना?’ हे मात्र आवाज उतरवून विचारतात. ‘मुलगीच आहे ना?’ असे विचारीत कोणी आल्याचे मला स्मरत नाही. आवाज का उतरतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

कोणी म्हणेल, आपल्या सोळा संस्कारांतच पुंसवन आहे, त्याचे नावच पुत्रप्राप्तीचे आहे. हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, विदुषी व पूर्णायुषी कन्या व्हावी अशी इच्छा करणाऱ्या दांपत्याने तिळाचा भात तुपासह खावा, असेही सांगितले आहे. पुंसवन आपण लक्षात ठेवले आणि तिळाचा भात विसरलो. ही निवड शास्त्राने केली नाही, आपण केली.

म्हणून वाट्यांचा खेळ बंद करा, असे माझे म्हणणे नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, दोन्ही वाट्यांत पेढाच ठेवावा. भाकीत होणार नाही, पण हसणे होईल, आणि त्या घरात येणाऱ्या जिवाला, तो कोणीही असो, आपल्या वाट्यास कोणती मिठाई येईल याची चिंता राहणार नाही.