परवाना आणि पात्रता

परवाना खिशांत असला म्हणजे विद्याही हातांत असतेच, असें मानण्याचा प्रघात आहे. वर्षानुवर्षें गाडी हातीं न धरलेला मनुष्य मालमोटारीवर चालकाची नोकरी पत्करतो, तेव्हां त्यानें आधीं कोणापुढें परीक्षा द्यावी? १९८८ चा मोटार-वाहन कायदा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवान्याची मुदत संपून १ वर्षाहून अधिक काळ लोटल्यास पुनः चांचणी मागतो. परवाना चालू असून कसब मात्र गंजलें असेल, तर निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा.

हातपाय लवकर आठवण धरतात. क्लच व गिअर थोड्याच दिवसांत जुळतात. गंजतो तो अदमास. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्यास सुमारें चौपट अंतर लागतें. बोरघाट उतरतांना केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून दुबळे होतात, म्हणून माथ्यावरच खालचा गिअर टाकावा, हें पुष्कळांस पाठ असतें. पण तें वेळीं सुचणें सरावाचें फळ होय.

पोटाची निकड असतां सरावास सवड कोठून, असें कोणी विचारील. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ती सवड पगारासह देणें हा मालकाचा धर्म आहे, असें आम्ही म्हणतों. नोकरीचा करार दोघांचा असतो. रस्त्याच्या कडेनें शाळेस जाणाऱ्या मुलानें त्यावर सही केलेली नसते. त्याच्या जिवावर सराव करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. जुन्या चालकानें जाणत्यास शेजारीं बसवून कांहीं दिवस रिकामी गाडी चालवावी. त्यांत कमीपणा मानूं नये.