मौनाचा नकार

नोकरी देणें न देणें हा मालकाचा अधिकार होय, हें कोणीहि मान्य करील. परंतु उमेदवाराला कांहींच न कळविणें हाहि त्या अधिकाराचाच भाग आहे काय? संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या तरुणांपुढें आज हा प्रश्न वारंवार येतो. अर्ज पुष्कळदां प्रथम यंत्रच चाळतें. पुढें तासाभरांत कूटप्रश्न सोडवावे लागतात. आणि चार-पांच मुलाखतींनंतर कित्येकदां सारें निःशब्द होतें.

२०१५ सालीं मॅक्स हॉवेल यांना गूगलनें नाकारलें. त्यांची ‘होमब्रू’ ही आज्ञावली तेथील बहुतेक अभियंते वापरीत, असें त्यांचें म्हणणें होतें. पण फळ्यावर ‘बायनरी ट्री’ उलटविण्याचें कोडें आपणांस सुटलें नाहीं, असें त्यांनींच जाहीर केलें. ती कसोटी योग्य होती कीं नाहीं, याविषयीं मतभेद संभवतो. तथापि त्यांना नकार तरी मिळाला. ज्याला तोहि मिळत नाहीं, तो आपल्यांतच दोष शोधीत बसतो.

मनुष्याला केवळ साधन लेखूं नये, असें कांटनें १७८५ मध्यें प्रतिपादिलें. ज्याचे दिवस घेतले त्याला उत्तरहि न देणें, हें त्याहून वेगळें काय आहे? हजारों अर्जांना उत्तरें कशीं द्यावीं, असा आक्षेप येईल. पण जें यंत्र हजारों अर्ज चाळतें, त्याला दोन ओळी धाडणें जड नाहीं. नकार कळला म्हणजे उमेदवार निदान दुसऱ्या दाराकडे वळूं शकतो.